सेकंडहँड गाडी : मीटरवरचा आकडा आणि आरसीवरचे नाव

सप्टेंबर २०२५मध्ये लहान गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या आणि त्यापाठोपाठ जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनाही आपले भाव खाली आणावे लागले. तेव्हापासून या सदराकडे जुन्या गाडीविषयीची पत्रे अधिक येऊ लागली आहेत. बहुतेकांचा प्रश्न ‘कोणते मॉडेल घ्यावे’ असा असतो. माझ्या मते जुन्या बाजारात मॉडेलला दुय्यम महत्त्व आहे. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन गाड्या आठ वर्षांनंतर एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत, इतका फरक त्यांच्या मालकांनी पाडलेला असतो. त्यामुळे या वेळी मॉडेलची चर्चा टाळून, समोर उभी असलेली विशिष्ट गाडी आणि तिची कागदपत्रे यांच्याशी संबंधित पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : २०१७ सालची पेट्रोल हॅचबॅक पाहून आलो. मालक पहिलाच आहे आणि मीटरवर फक्त ३१ हजार किलोमीटर दिसतात. गाडी चकाचक आहे, परंतु एवढे कमी रनिंग मनाला पटत नाही. खरे-खोटे कसे ओळखावे? — एक वाचक, नाशिक

आपली शंका अनाठायी नाही. डिजिटल मीटरवरचा आकडा मागे नेणे हे लॅपटॉप आणि वायर जवळ असलेल्या माणसासाठी थोडक्या वेळाचे काम आहे. अर्थात ३१ हजार हा आकडा अशक्यही नव्हे. निवृत्त गृहस्थांच्या किंवा लोकलने कामावर जाणाऱ्यांच्या गाड्या खरोखरच इतक्या कमी चाललेल्या असतात. म्हणून मीटरवर विश्वास किंवा अविश्वास न ठेवता, ज्या खुणा पुसायला विक्रेत्याला सहसा सुचत नाही किंवा परवडत नाही, त्या आधी पाहाव्यात.

सुरुवात टायरांपासून करावी. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ‘१४२२’ म्हणजे २०२२ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. काही टायरांवर हे अंक आतल्या बाजूला येतात, तेव्हा मोबाइलचा टॉर्च लावून वाकून पाहायला संकोच करू नये. आता हिशेब असा मांडावा : कारखान्यातून आलेले टायर साधारण चाळीस-पन्नास हजार किलोमीटर सहज टिकतात. आपण पाहिलेल्या गाडीची स्टेपनी २०१७ची आणि चारही चाके २०२२ची निघाली, तर ती का बदलावी लागली याचे उत्तर मालकाकडे असले पाहिजे. ‘गाडी उभी राहून टायरांना चिरा पडल्या’ हे उत्तर ग्राह्य धरता येईल. ‘माहीत नाही’ हे पहिल्या मालकाच्या तोंडी शोभत नाही.

त्यानंतर चालकाच्या जागेवर बसून क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरील रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग, गिअरच्या मुठीवरील आकडे आणि आसनाची दाराकडची कड पाहावी. सीट कव्हर नवे असल्यास ते थोडे उचलायला सांगावे. तीस हजार किलोमीटरमध्ये पेडलच्या रबरावरील रेघा गुळगुळीत होत नाहीत. झालेल्या असतील, किंवा आठ वर्षांच्या गाडीत ते रबर कोरे करकरीत असेल, तर दोन्ही परिस्थितींत प्रश्न विचारायला हवा. ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली पुढच्या सर्व्हिसिंगच्या किलोमीटरचे स्टिकर लावतात आणि गाडी सजवणाऱ्याच्या नजरेतून ते अनेकदा सुटते. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी. त्या मालकाने आपल्यासमोर मागवून घ्याव्यात असा आग्रह धरावा. दर भेटीच्या तारखेपुढे किलोमीटर लिहिलेले असतात आणि आकडा मध्येच मागे गेलेला असेल तर तो तिथे लपत नाही.

अपघाताची तपासणी काचांवरून करता येते. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाच्या मुद्रेजवळ निर्मितीचा काळ दर्शवणारी खूण असते. सर्व काचा एका काळातल्या आणि एकच निराळी असेल, तर ती बाजू नीट पाहावी. पुढची काच खडा लागूनही बदलली जाते, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. परंतु मागच्या दाराची काच सहजासहजी कोणी बदलत नाही. बॉनेट आणि दारे ज्या बोल्टनी बसवलेली असतात त्यांच्या कडांवरचा रंग उडालेला दिसला, तर तिथे पाना लागला आहे असे समजावे. डिकीतील स्टेपनी बाहेर काढून खालचा पत्रा पाहावा. मागून ठोकलेल्या गाडीच्या त्या पत्र्यावर ठोकून सरळ केल्याच्या सुरकुत्या राहतात. बंपर रंगवलेला असणे हा आपल्या शहरांत दोष मानू नये.

शेवटची सूचना वेळेबद्दल आहे. ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे आदल्या दिवशी सांगावे आणि गेल्यावर आधी बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. गरम इंजिन आपले पुष्कळसे दोष झाकते. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळत आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यानंतरही थांबत नसेल तर इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, आत शिरत असण्याचा संभव आहे. या दोहोंपैकी काही दिसल्यास भाव करण्याच्या भानगडीत न पडता निरोप घ्यावा. तसे काही नसल्यास, आपल्या विश्वासाच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहण्यासाठी जो खर्च येईल तो आनंदाने करावा.

प्रश्न : जुन्या गाड्यांचा व्यापारी ठरलेल्या साडेचार लाखांवर वेगळा १८ टक्के जीएसटी मागत आहे. तो द्यावा लागतो का? — एक वाचिका, पुणे

संपूर्ण किमतीवर नाही. डिसेंबर २०२४मध्ये जीएसटी परिषदेने सर्व जुन्या वाहनांसाठी १८ टक्के हा एकच दर ठरवला, परंतु तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी-विक्रीतील फरकावर आहे. एखाद्या व्यक्तीने आपली गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकली तर तो लागतच नाही. ‘हातात पडणारी एकूण किंमत किती, ती लेखी द्या’ एवढेच म्हणावे. कराची वाटणी हा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न : दिल्ली पासिंगची नऊ वर्षांची डिझेल एसयूव्ही इथल्या भावापेक्षा पुष्कळच स्वस्त मिळत आहे. गाडी उत्तम दिसते. घ्यावी का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

ती स्वस्त का आहे हे आधी पाहू. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे अंमलबजावणीत फेरबदल होत राहिले, तरी तिथल्या मालकाच्या मनातील धास्ती गेलेली नाही आणि नववे वर्ष लागले की तो मिळेल त्या भावात गाडी काढतो. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत चालते, त्यामुळे आपल्याला तिचा उपयोग आहे. इथपर्यंत व्यवहार प्रामाणिक असू शकतो.

खर्चाचा हिशेब मात्र दिल्लीतल्या किमतीवर थांबवू नये. तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो नमुना ३५ भरून आधी उतरवलेला असावा. ‘कर्ज कधीच फिटले आहे’ या तोंडी आश्वासनाला अर्थ नाही. दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्या वेळी महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. मोठ्या डिझेल गाडीच्या बाबतीत ही रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी असते. मूळ किंमत आणि वय सांगून ती आपल्या आरटीओतून आधीच काढून घ्यावी, त्यात वाहतूक आणि एजंटचा खर्च मिळवावा आणि मग इथल्या भावाशी तुलना करावी. पंचवीस-तीस हजारच वाचत असतील, तर इतक्या दूरच्या, सर्व्हिसिंगचा इतिहास ठाऊक नसलेल्या गाडीच्या नादी लागण्यात शहाणपण नाही. आणखी एक : चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा स्वतःच्या डोळ्यांसमोर घ्यावा आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा.

प्रश्न : मी गेल्या वर्षी माझी गाडी एका ओळखीच्या गृहस्थांना विकली. पैसे पूर्ण मिळाले, सह्याही झाल्या, परंतु त्यांनी अजून गाडी नावावर करून घेतलेली नाही. दर महिन्याला वेगमर्यादा ओलांडल्याची ई-चलने माझ्या मोबाइलवर येतात. दंड मी भरावा का? — एक वाचक, सोलापूर

दंडाची चिंता आपण करत आहात. मला त्यापेक्षा मोठी चिंता दिसते. आरटीओच्या दृष्टीने आजही आपणच मालक आहात. २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून पुढे गेलेली असली तरी, अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक मानला जाईल. म्हणजे विम्याची मुदत संपलेली असताना त्या गृहस्थांकडून एखादा अपघात झाला, तर भरपाईचा दावा आपल्या दारी येईल.

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे आणि तीस दिवसांत नाव लावून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. पहिल्या कामासाठी नमुना २९ आणि दुसऱ्यासाठी नमुना ३० असतो. आपल्याकडे रूढ झालेली पद्धत अशी की विकणारा कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देतो आणि पुढचे सगळे घेणाऱ्याच्या सवडीवर सोडतो. ‘ओळखीचे आहेत’ हे त्याचे नेहमीचे कारण असते.

आता काय करावे? विक्रीची पावती, बँक खात्यात जमा झालेल्या रकमेचा उतारा आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत जोडून आपल्या आरटीओला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. त्याच मजकुराचे पत्र खरेदीदाराला नोंदणीकृत टपालाने पाठवून नाव लावून घेण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी. गृहस्थ सज्जन असतील तर बहुधा पत्र पाठवण्यापूर्वीच, एका दुपारी दोघांनी मिळून आरटीओत जाऊन हे काम उरकता येईल; ती वाट प्रथम चालून पाहावी. चलनांबद्दल वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, परंतु नोंदणीत नाव आपले असेपर्यंत ती मान्य होईलच असे धरून चालू नये. प्रलंबित चलने पुढे हस्तांतरणाच्या आड येऊ शकतात, म्हणून नाइलाजाने भरावी लागल्यास पावत्या जपून ती रक्कम त्यांच्याकडून वसूल करावी.

विमा आणि फास्टॅग या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र आपोआप जात नाही, त्यासाठी नव्या मालकाने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. ‘नो क्लेम बोनस’ हा गाडीचा नसून आपला असतो. तसे प्रमाणपत्र विमा कंपनीकडून घेतले तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीसाठी ती सवलत वापरता येते आणि ती ५० टक्क्यांपर्यंत असू शकते. फास्टॅग काचेवर तसाच राहिला असेल तर टोलचे पैसेही आपल्याच खात्यातून जात असतील. तो आजच बंद करावा.

ही गाडी व्यापाऱ्याला विकली असती तर? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार, आरटीओकडून प्राधिकारपत्र घेतलेल्या व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये नोंदवता येते आणि तेव्हापासून तो व्यापारी मालक समजला जातो. व्यापारी कितीही मोठ्या दुकानाचा असो, हे प्राधिकारपत्र आहे का, हे विचारूनच चावी द्यावी.

प्रश्न : २०२० सालची गाडी बाजारभावापेक्षा दीड लाखाने स्वस्त मिळत आहे. आत सुगंधी द्रव्याचा वास भरून राहिला आहे. पुरात बुडालेली तर नसेल? — एक वाचिका, सांगली

आपल्या शहरात ऑगस्ट २०१९चा पूर पाहिलेल्यांना हा वास कशासाठी असतो हे सांगायला नको. चिपळूणच्या जुलै २०२१च्या पुरासारख्या प्रसंगांनंतर विमा कंपन्यांनी पूर्ण नुकसान मानलेल्या गाड्या भंगाराच्या भावाने लिलावात जातात. त्यातल्या काही धुऊन-पुसून दूरच्या गावी पुन्हा विकायला उभ्या राहतात.

सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढावा. रोज वापरातला भाग धुतला जातो, पण गुंडाळीच्या आत राहणाऱ्या भागावर मातकट पाण्याची आडवी रेघ तशीच राहते. पायांखालची मॅट नव्हे, तर तिच्या खालचा कार्पेट कोपऱ्यातून उचलून पाहावा. सीटच्या रुळांवरील गंज, स्टेपनीच्या खळग्यात साचलेला बारीक गाळ, डॅशबोर्डखालील वायरींच्या जोडांवर आलेला हिरवट थर, यांपैकी दोन गोष्टी दिसल्या तरी पुरे. विम्याचा जुना तपशील मागावा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे. अशी गाडी आज चालते, परंतु तिच्या वायरिंगचा एकेक जोड पुढची काही वर्षे गंजत राहतो आणि कोणताही मेकॅनिक त्याची हमी देऊ शकत नाही. कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

प्रश्न : बीएस-६ डिझेल गाडी जुनी घेतली. ठाण्यातल्या ठाण्यात रोज सहा-सात किलोमीटर जाणे-येणे होते. दोन महिन्यांत डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा दोनदा लागला. गाडी खराब निघाली का? — एक वाचक, ठाणे

गाडी बहुधा चांगली आहे. आपल्या वापराशी तिचे जमत नाही. बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या प्रदूषण-निकषांच्या, डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसवलेला असतो. साठलेली काजळी तो अधूनमधून अतिशय उच्च तापमानाला जाळून टाकतो आणि त्यासाठी इंजिन काही वेळ एकसारखे, बऱ्यापैकी वेगाने चालावे लागते. सिग्नल ते सिग्नल सहा किलोमीटरमध्ये ते तापमान गाठले जात नाही. जाळण्याची क्रिया सुरू होते आणि आपण इंजिन बंद करतो.

दिवा लागल्याबरोबर गाडीच्या पुस्तिकेतील सूचना वाचून, रहदारी नसलेल्या वेळी नाशिक महामार्गावर पडघ्याच्या पुढे जाऊन यावे आणि खालच्या गिअरमध्ये पंधरा-वीस मिनिटे स्थिर वेग राखावा. बहुधा दिवा विझतो. त्याकडे दुर्लक्ष करत राहिल्यास दुसरा, अधिक गंभीर इशारा येतो आणि मग सेवा केंद्राशिवाय इलाज उरत नाही. फिल्टर बदलण्याचा खर्च हबकवणारा आहे. याबरोबर डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहायची सवय लावावी. काजळी जाळण्याचा प्रयत्न वारंवार अर्धवट राहिला की काही इंजिनांत जादा डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि पातळी कमी होण्याऐवजी वाढते. वाढलेली दिसल्यास मुदतीची वाट न पाहता ऑइल बदलून घ्यावे. ‘फिल्टर काढून टाकतो, कटकट मिटेल’ असे सांगणारे गॅरेजवाले भेटतील. ते बेकायदा आहे. आपला वापर बदलणार नसेल, तर ही गाडी एखाद्या लांबच्या पल्ल्याच्या गिऱ्हाइकाला विकून पेट्रोल किंवा सीएनजी गाडी घेणे अधिक सोयीचे होईल. सीएनजीची जुनी गाडी घेताना सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची दाब-चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र आणि आरसीवर सीएनजीची नोंद, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात.

प्रश्न : माझी २०१२ची पेट्रोल गाडी ई-२० पेट्रोलवर चालेल का? — एक वाचक, अहिल्यानगर

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. त्यावर गाडी चालेल, पण अ‍ॅव्हरेज थोडे घटेल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि जुन्या चारचाकींत ही घट ६ ते ७ टक्के धरता येईल असे नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात म्हटले आहे. अ‍ॅव्हरेजपेक्षा इंधनाच्या रबरी नळ्यांकडे लक्ष द्यावे. पुढच्या सर्व्हिसिंगला त्या तपासून घ्याव्यात आणि कडक झालेल्या किंवा चिरलेल्या असतील तर बदलाव्यात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. बॉनेटजवळ पेट्रोलचा वास आला तर ती गाडी त्या दिवशी रस्त्यावर नेऊ नये.

प्रश्न : आमचे सासरेबुवा आंबा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतात. पेट्रोल वाचते असे ते म्हणतात. त्यांना कसे समजावू? — एक वाचिका, रत्नागिरी

पेट्रोल वाचण्याच्या मुद्द्यावरच समजवावे. सुरक्षिततेचा मुद्दा वडीलधाऱ्यांना आपल्या चालवण्यावरचा आक्षेप वाटतो. कार्ब्युरेटरच्या काळात त्यांचा हिशेब काही अंशी बरोबर होता. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनला जाणारे इंधन जवळजवळ बंद होते, कारण उतारावर चाकेच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून थोडे-थोडे पेट्रोल जाळावेच लागते. म्हणजे न्यूट्रलने पेट्रोल अधिक लागते, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. साखरप्याकडे उतरताना, ज्या गिअरमध्ये तो चढ चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, हा घाटातील जुन्या ट्रकचालकांचा ठोकताळा त्यांना पटण्याची शक्यता अधिक आहे. ब्रेकचे द्रव दोन वर्षांत बदललेले नसेल तर घाटाच्या पुढच्या फेरीआधी तेही बदलून घ्यावे. त्यात पाणी मुरलेले असेल तर तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळते आणि पेडल सरळ खाली जाते.